चंद्रपूर ते अहेरी, अनवाणी

नागपुरात माझा चपला-बुटांचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड आणि माझ्यासकट नऊ माणसं. त्या मार्चमध्ये चंद्रपूरजवळच्या एका सिमेंट कारखान्याच्या भांडारातून निरोप आला: ट्रक ड्रायव्हरांना घालता येतील असे बूट हवेत, पुढे बोटांवर लोखंडी टोपी हवी, नमुने घेऊन या. बूट मी वीस वर्षं करते आहे, पण ट्रकमध्ये कधी बसले नव्हते. ज्याच्या पायात बूट जाणार त्याचा पाय दिवसभर काय करतो हे पाहिल्याशिवाय कातडं कापायचं नाही, हा आमच्या शेडचा नियम आहे. म्हणून मी चार दिवस काढले.

बरोबर घेतलेल्या वस्तू: नमुन्याचे तीन जोड (सात, आठ आणि नऊ नंबर), मापाची पट्टी, जुनी वर्तमानपत्रं, आरी, मेणाचा दोरा, कात्री, वही, मुरमुऱ्याचा चिवडा, इलेक्ट्रालची पाकिटं. पाण्याचा थर्मास यादीत होता, तो घरीच राहिला.

शुक्रवार, चंद्रपूर

बल्लारपूर रस्त्यावरच्या एका ढाब्यावर सकाळी आठला जाऊन बसले. तर्री-पोहे मागवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे बघत राहिले. बायकांनी असं टक लावून पायांकडे पाहिलं की माणसं अवघडतात, म्हणून आधीच सगळ्यांना सांगून टाकलं की मी बूटवाली आहे.

इथं पंजाबपासून तामिळनाडूपर्यंतच्या गाड्या थांबतात. सरदारजी पायजमा-कुडत्यात, दक्षिणेकडचे गुडघ्यावर दुमडलेल्या लुंगीत, राजस्थानी धोतरात, आपल्याकडचे लुंगी-बनियनवर आणि खांद्यावर गमछा. लुंगी हौसेची नव्हे. ट्रकमध्ये इंजिनाचं झाकण ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागून असतं, उन्हाळ्यात त्यावर चहाचं भांडं ठेवलं तर गरम राहतं. तिथं पँट घालून बसणं म्हणजे कुकरमध्ये पाय घालून बसणं.

खाकी शर्ट मात्र प्रत्येक गाडीत होता, सीटमागच्या खुंटीला टांगलेला. नाका आला की तो बनियनवर चढतो आणि नाका गेला की परत खुंटीवर. खिडकीतून शिपायाला अर्धाच माणूस दिसतो, त्यामुळे वरून सरकारी आणि खालून घरगुती असा हा वेष सगळ्यांना चालतो.

पायांची गंमत अशी की प्रांत बदलला तरी एक गोष्ट बदलत नव्हती. मोजडी असो, कॅनव्हासचा बूट असो, टाच मागून चिरडून सपाट केलेली. बाकी सगळ्यांना रबरी स्लिपर. एकालाही पायात चढवायला वाकावं लागत नव्हतं. मी वहीत लिहिलं, "टाच चिरडतात. आळस?" प्रश्नचिन्ह टाकलं हे बरं झालं.

तिथंच हनीफभाई भेटले. वय बावन्न, दाढीला मेंदी, अठ्ठावीस वर्षं गाडीवर. हैदराबाद, रायपूर, विशाखापट्टण सगळं केलेलं. चंद्रपूरच्या घुटकाळा भागात घर. त्यांनी माझे बूट हातात घेतले, टोपीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "बाई, हे तुमी आमच्यासाठी बनवून राह्यल्या का आमच्या दुश्मनासाठी?"

मग सगळं बाहेर आलं. सोमवारपासून त्या कारखान्याच्या आवारात बंद बुटाशिवाय ड्रायव्हरला खाली उतरू देणार नाहीत. नियम योग्यच होता. आवारात एकाच्या पायावर गाडीचा मागचा लोखंडी फाळका पडून तीन बोटं गेली होती. पण हनीफभाईंचा डावा पाय कुठल्याच बुटात जात नाही. त्यांनी बाजारात चार दुकानं पालथी घातली होती. आणि त्यांची गाडी बांधलेली आहे ती त्याच कारखान्याला. गाडीमालक शेठनं साफ सांगितलं होतं: सोमवारी फाटकातून ज्याचा पाय आत जाईल, त्याच्याच हातात गाडी.

"दुसरी गाडी नाही मिळणार?" मी विचारलं.

"या उमरमधी? नवा शेठ पैले डोळे पायते, मंग दाढी पायते. मंग म्हणते, चाचा, घरी आराम करा."

मी तिथंच वर्तमानपत्र पसरून त्यांच्या पायांची माप-आकृती काढली. उजवा पाय आठ नंबरचा. डावा मात्र पंजाशी हातपंख्यासारखा पसरलेला, अठ्ठावीस वर्षं अनवाणी पायानं क्लच दाबून झालेला, साडेआठच्याही वर. मी डाव्या पायात नऊ नंबर आणि उजव्यात आठ घातला. दोन्ही गेले. यात हुशारी काही नाही, पण दुकानदार जोड फोडत नाही आणि मी फोडू शकत होते.

हनीफभाई बूट घालून गाडीत चढले आणि ढाब्याच्या आवारात एक फेरी मारायला निघाले. गाडी तीनदा धक्का खाऊन बंद पडली. ढाब्यावरचे लोक खाटा सोडून बघायला आले.

"उस्ताद, आजच लायसन काढलं का?" कुणीतरी ओरडलं.

हनीफभाई खाली उतरले तेव्हा कपाळावर घाम होता. "क्लच कुठी पकडते ते तळपायाले ऐकू येते, बाई. हे घातलं का पाय बहिरा होते."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. मग मी म्हणाले, "नियम खाली उतरण्याचा आहे. गाडीत अनवाणी, जमिनीवर बूट. असं चालेल?"

"चालन का नाई ते रस्त्यात पाहू. उद्या अहेरीले सिमेंट न्यायचं हाये. घरवाली बी येऊन राह्यली, तिच्या बहिणीकडे. या तुमी."

शनिवार, आष्टी रस्ता

सकाळी सहाला गाडीजवळ गेले. झुबेदाभाभी, म्हणजे हनीफभाईंच्या पत्नी, आधीच वर बसलेल्या, मांडीवर चार मजली डबा. क्लीनर गावी गेला होता. मी सँडलसह पायरीवर पाय ठेवला आणि वरून आवाज आला.

"बाई, पायताण खाली!"

मी ओशाळले. आत पाहिलं तर खरोखर घर होतं. फळीवर धुतलेली चादर, समोर काचेवर एका बाजूला कुराणातली आयत, दुसऱ्या बाजूला शेठचा गणपती, मध्ये प्लास्टिकचा गुलाब. इथं माणूस झोपतो, जेवतो, नमाज पढतो. आपण उंबऱ्याबाहेर चपला काढतो तसं हे गाडीच्या पायरीखाली काढतात. फरक एवढाच की आपलं घर चपला टाकून पुढे निघून जात नाही.

हनीफभाईंची पद्धत मी काल ढाब्यावरच पाहून घेतली होती. जमिनीवर स्लिपर काढायची, एक पाय पायरीवर, खाली वाकून दोन बोटं पट्ट्यांत अडकवायची, त्याच झोक्यात वर चढायचं आणि सीटखाली सारायची. सगळं मिळून एक श्वास. स्लिपर कधी विसरलात का, असं विचारल्यावर त्यांना प्रश्नच कळला नाही.

आज मात्र स्लिपर घरी ठेवली होती. प्रत्येक थांब्यावर बूट घालून उतरायचं असं ठरलं होतं. कोठारीला हनीफभाई पहिल्यांदा उतरले, तेव्हा मी घड्याळ लावलं: पायरीवर बसून बूट चढवणं, लेस बांधणं, मिळून तीन मिनिटं. काढायला दोन. हनीफभाईंनी हिशोब सांगितला: कारखान्यात काट्यावर वजनाला उतरायचं, पासासाठी उतरायचं, माल भरताना, ताडपत्री बांधताना, परत काट्यावर. पाच वेळा. "मागची गाडी हॉर्न देऊन देऊन मले बहिरा करन. पाय त बहिरा झालाच हाये."

"यायले लग्नातबी जोडे चावले होते," झुबेदाभाभींनी मला सांगितलं. "मौलवीसाहेब निकाह पढून राह्यले, अन् हे खाली वाकून पाय खाजवून राह्यले. माही अम्मी म्हणे, दूल्ह्याले काई बिमारी त नाई?"

"तरी कबूल म्हटलं ना तुनं?"

"पाय नव्हता पाह्यला तवा."

गोंडपिपरीच्या पुढे जंगल सुरू झालं. साग निष्पर्ण उभा होता, पळस पेटलेला, आणि मोहाच्या झाडांखाली बायका-मुलं फुलं वेचत होती. टोपल्या घेऊन बाजाराला निघालेली माणसं रस्त्याच्या कडेनं चालत होती. बरीचशी अनवाणी, चपला टोपलीत. बाजाराच्या तोंडाशी पोचल्यावर त्या पायात जातात, असं भाभी म्हणाल्या. घासायच्या त्या लोकांसमोर, जंगलासमोर कशाला?

आष्टीच्या अलीकडे वच्छलाबाईंच्या टपरीवर चहाला थांबलो. साठीची बाई, नऊवारी घोट्याच्या वर खोचलेली, पायात टायरच्या चपला. टपरीच्या बाजूला आडवा बांबू बांधला होता आणि त्यावर ओळीनं चपला लटकत होत्या. एकेकट्या, जोडीनं, निळ्या पट्ट्यांच्या, सेफ्टी पिन लावलेल्या. मला वाटलं विकायला आहेत.

"इकाले नाई वो माय," वच्छलाबाई म्हणाल्या. "डायवरायच्या हायेत. खाली काढतेत अन् गाडी घेऊन निंगून जातेत. क्लीनर म्हणते उस्तादनं उचलली, उस्ताद म्हणते क्लीनरनं. मंग आठ दिसानं वापस येतेत, लाजत-लाजत. म्या म्हणतो, घे बाबू, ओळख आपली."

"आणि नाही आले तर?"

"येतेत. रस्ता एकच हाये."

चहा झाला. सांबारवडी खाल्ली, म्हणजे कोथिंबिरीची, विदर्भात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. पुढे आष्टीच्या पुलावर वैनगंगा लागली, पात्रात टरबुजांच्या वाड्या. भाभींना टरबूज हवं होतं, हनीफभाईंना उशीर होत होता. टरबूज घेतलं. ते घ्यायला पूल ओलांडल्यावर मी उतरले, आलापल्लीपर्यंत हनीफभाईंना उतरायचं कारण पडलं नाही.

आलापल्लीला लाकूड डेपोसमोर गाडी उभी राहिली. हनीफभाईंनी सीटखाली हात घातला. मग दुसऱ्या बाजूला घातला. मग भाभींच्या डब्याखाली.

"बूट?" ते म्हणाले.

 मी प्रत्येक गोष्ट यादीत लिहिणारी बाई, आणि माझ्याच डोळ्यांदेखत त्यांनी वच्छलाबाईंच्या टपरीवर शिस्तीत बूट काढले होते, शेजारी-शेजारी ठेवले होते, आणि अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं घरात शिरावं तसे वर चढले होते. खाली गेलेल्या दोन बोटांना अडकवायला पट्टा मिळाला नाही, आणि बोटं रिकामीच वर आली. हे त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही.

"अठ्ठावीस सालात पैली बार," हनीफभाई हळू आवाजात म्हणाले.

पिशवीत उरलं होतं ते असं: सातचा जोड, आठचा डावा, नऊचा उजवा. म्हणजे त्यांच्या पायांच्या नेमकं उलटं. आणि सोमवारला मध्ये एकच दिवस.

ते अनवाणीच खाली उतरले, दुपारच्या तापलेल्या डांबरावर. भाभींनी टोमणा मारला नाही, तेव्हा मला काळजी वाटली.

अहेरीला भाभींच्या बहिणीकडे उतरलो. प्राणहितेची मासळी, चिंचेचं आंबट कालवण आणि भाताचा ढीग. इथलं बोलणं अर्धं तेलुगू, जेवणही तिखटात आणि आंबटात तेलंगणाकडे झुकलेलं. बहिणीची नात वीस दिवसांची होती. हनीफभाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि तिचे तळपाय अंगठ्यानं दाबत राहिले. "मोठी ड्रायवर होईन हे," म्हणाले. पण जेवले कमी.

रविवार, परतीचा रस्ता

सकाळीच निघालो. गाडीत बांबू भरलेला, त्यामुळे चाल धीमी.  टपरी दिसल्यावर हनीफभाईंनी गाडी रस्त्यातच हळू केली आणि खिडकीतून मान बाहेर काढली. बांबूवर चपलांची ओळ होती. बूट नव्हते.

"गेले," ते म्हणाले.

वच्छलाबाई टपरीमागून हात पुसत आल्या. "काऊन तोंड पाडून बसला रे? मांगं ये."

टपरीमागे कुंपणाचे दोन खुंट होते. त्यांवर माझे दोन बूट उलटे घातलेले, तळवे आभाळाकडे.

"बांबूवर अटकवाले त्याईले काईच नाई," त्या म्हणाल्या. "ना पट्टा, ना कडी. जमिनीवर ठेवले त विंचू जाते. म्हून खुटावर घातले. असं कसं पायताण केलं माय तुवं? उचलाले जागाच नाई ठेवली."

वीस वर्षांत माझ्या मालाचं इतकं अचूक परीक्षण कुणी केलं नव्हतं. मी बूट घालायला कसे आहेत, चालायला कसे आहेत, टिकायला कसे आहेत याचा विचार केला होता. उचलायला कसे आहेत, हा प्रश्न माझ्या कुठल्याच यादीत नव्हता. ढाब्यावरच्या त्या चिरडलेल्या टाचाही आता उलगडल्या. दिवसातून वीस वेळा घराचा उंबरा ओलांडणारा माणूस लेस बांधत बसणार नाही. यात आळस नव्हता.

मी टपरीच्या बाकावर आरी आणि दोरा काढला. वच्छलाबाईंच्या खाटेची नवार एका टोकाला सुटली होती, तिचा वीतभर तुकडा त्यांनी स्वतः कापून दिला. त्याचे दोन फासे करून दोन्ही बुटांच्या टाचेमागे शिवले, दोन बोटं सैल जातील एवढे. लेस काढून टाकली. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी जोडली, म्हणजे पाय घातला की तोंड ताणून उघडेल आणि परत आवळेल. ट्यूब शेजारच्या पंक्चरवाल्याकडची. दीड तास लागला. तेवढ्यात तीन गाड्या थांबल्या आणि प्रत्येक ड्रायव्हरनं मला सल्ला दिला. एक सल्ला उपयोगी होता: फासा बाहेरच्या बाजूला थोडा तिरका ठेवा, बोटं तिरकी येतात.

"आता चढा-उतरा," मी हनीफभाईंना म्हणाले.

ते वीस वेळा चढले आणि उतरले. पायरीवर उभ्यानंच पाय बुटात सरकवायचे, उतरायचे. काढायचे, वाकायचे, बोटं फाशात, वर. पहिल्या पाच वेळा हात चुकला. दहाव्या वेळी बोटं न बघता फाशात गेली. भाभी मोजत होत्या आणि वच्छलाबाई हसत होत्या.

"पुरे झालं वो मामा, बुटाईले चक्कर येईन!" पंक्चरवाला ओरडला.

सोमवार, फाटक

सकाळी साडेसातला कारखान्याच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. हनीफभाईंचा नंबर अकरावा. आज लुंगी नव्हती. इस्त्रीची पँट, खाकी शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून. पुढच्या दोन गाड्या परत फिरल्या, दोघांच्याही पायात स्लिपर. भाभी आणि मी रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली उभ्या राहिलो. भाभींच्या हातात माळ होती.

गाडी फाटकाशी आली. पहारेकरी म्हणाला, "उतरून दाखवा."

हनीफभाईंनी दार उघडलं, पायरीवर पाय सरकवले आणि उतरले. पहारेकरी खाली वाकला. "याले लेस कुठी हाये?"

"कागदात बूट लिवलं हाये ना भाऊ? बंद हाये, टोपी हाये. लेस कुठी लिवली हाये दाखव."

"हे पाठीमागं काय लटकून राह्यलं? शेपूट?"

रांगेतले लोक हसले. पहारेकऱ्यानं आतून भांडाराच्या साहेबांना बोलावलं. मी रस्ता ओलांडून पुढे गेले, नागपूरची बूटवाली मी, एवढं सांगितलं, पण पुढे बोलण्याआधी साहेबांनी हात करून थांबवलं. त्यांनी लोखंडी कांबेनं टोपीवर ठोकलं. डावी, मग उजवी. ट्यूबची पट्टी ओढून पाहिली. मग हनीफभाईंना म्हणाले, "पळून दाखवा."

बावन्न वर्षांचा माणूस फाटकापासून काट्यापर्यंत पळत गेला आणि पळत आला. बूट पायातून निघाले नाहीत.

"घालायला किती वेळ लागतो?"

हनीफभाईंनी तिथंच करून दाखवलं. बूट काढले, दोन बोटांनी उचलले, वर चढून बसले. मग परत पायरीवर येऊन पाय सरकवून साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "असेच करा," म्हणाले, "पण शिलाई दुहेरी पाहिजे." आणि पहारेकऱ्याला खूण केली.

फाटक उघडलं. गाडी आत गेली. झुबेदाभाभी कडुलिंबाच्या बुंध्याशी खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. "चहा पाजा आता, बाई," म्हणाल्या. "काल धरून नाई उतरला घशाखाली."

चहा सांगून मी वळले, तर मागे रांगेतले ड्रायव्हर उभे होते. सगळ्यात पुढे परत फिरवलेले दोघं. एका सरदारजींनी चिरडलेल्या टाचेची मोजडी आधीच काढून हातात धरली होती. मी रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्र पसरलं.

"बसून नाही," मी त्यांना सांगितलं, "उभे राहा आणि पूर्ण वजन टाका. आधी डावा पाय."